बहुतेक म्हणजे निम्म्याहून जास्त

३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी रोजचा रक्तदाब लिहून ठेवायला सांगितला म्हणून ही वही आणली. आठवडाभर आकडे लिहिले. सातही दिवस जवळजवळ तेच. त्यातून काय निष्कर्ष काढायचा तो डॉक्टरांनी काढावा, मला आता आकड्यांचाच कंटाळा आलाय, लोकांच्या आणि स्वतःच्याही. उरलेली पानं वाया घालवणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून सुचेल ते लिहीन.

एकतीस वर्षं मी तर्काचे प्रश्न काढतोय. आधी शाळेत गणित शिकवून फावल्या वेळात, निवृत्तीनंतर तेवढंच. नोकरभरतीच्या परीक्षांत असतात तसे. वर दोन विधानं किंवा चार आकडे, खाली एक निष्कर्ष. उमेदवाराने ठरवायचं, निष्कर्ष नक्की खरा, नक्की खोटा, की सांगता येत नाही. दिलंय तेवढंच धरायचं, पदरचं काही घालायचं नाही. लोकांना नेमकं हेच जमत नाही. 'सर्व मांजरं पोहतात' असं लिहिलं की निम्मे उमेदवार मांजराची कीव करत बसतात.

आज परीक्षा कार्यालयातून मॅडमचा फोन. पाणीपुरवठा खात्याच्या पेपरची उत्तरं जाहीर झाली आहेत, उमेदवारांच्या हरकती यायला लागतील, सोमवारी या. म्हणजे पुन्हा चार मजले. तिथली लिफ्ट दीड वर्ष बंद आहे. गुडघ्यांनी आत्ताच कुरकुर सुरू केली.

५ फेब्रुवारी

घरात आम्ही दोघंच, मी आणि सूनबाई. मुलगा जाऊन चार वर्षं झाली. छत्तिसाव्या वर्षी, ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या. सूनबाई तेव्हा एकतीसची. तिच्या माहेरचे न्यायला आले होते, ती म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना अजून उजाडायचाय. सकाळी ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते आणि दुपारी घरी येते. आम्ही दोघं फार बोलत नाही, पण तिची किल्ली दारात फिरली की मला बरं वाटतं.

माझा प्रत्येक प्रश्न आधी तिच्यावर चालवून बघायची पद्धत होती. ती जेवणाच्या टेबलाशी बसायची, मी घड्याळ लावायचो. कोणत्या परीक्षेचा प्रश्न ते मी कधी सांगत नसे, ते गुपितच ठेवावं लागतं. तिला नियमबियम काही येत नव्हते. शिवणाच्या डब्यातली बटणं काढून ती टेबलावर मांडायची. ही सगळी माणसं, खडूची खूण केली ती शिक्षक, पालथी ठेवली ती गैरहजर. मला हसू यायचं, पण उत्तर बरोबर यायचं. गेल्या वर्षी मोजलं तर शंभरातली सत्त्याण्णव बरोबर. मी म्हटलं, "सूनबाई, तू आता माझ्या कामाची नाहीस. सामान्य उमेदवार म्हणून तुला धरता येत नाही." ती हसली, आणि मग बराच वेळ स्वच्छच असलेलं टेबल पुसत राहिली.

तेव्हापासून मी खालच्या मजल्यावरच्या शिंप्यावर प्रश्न चालवतो. तो हमखास चुकतो. मात्र चुकताना इतका आनंदात असतो की बघून बरं वाटतं.

९ फेब्रुवारी

सतरा हरकती. सोळा नेहमीच्याच, वेळ कमी पडला, छपाई पुसट होती, शेजारचा खोकत होता. सतरावी प्रश्न क्रमांक अडतीसवर. प्रश्न माझा. असा आहे:

'एका कार्यालयातले बहुतेक कर्मचारी चष्मा लावतात. त्याच कार्यालयातले बहुतेक कर्मचारी जिन्याने चढतात. निष्कर्ष: चष्मा लावणारे काही कर्मचारी जिन्याने चढतात.'

माझं उत्तर: सांगता येत नाही.

हरकतींवर नाव नसतं, फक्त उमेदवाराचा क्रमांक. टंकलिखित कागद होता. मजकूर उतरवून घेतो, कारण इतका आगाऊपणा बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता:

'दहा बटणं घ्यावीत. सहांवर खडूने खूण करावी, ते चष्मेवाले. चार उरली, ते बिनचष्म्याचे. आता जिन्याने चढणारे सहा वेगळे काढायचे आहेत. बिनचष्म्याचे सगळे चारच्या चार घेतले तरी दोन कमी पडतात. ते दोघं चष्मेवाल्यांतूनच घ्यावे लागतात. माणसं किती का असेनात, दोन्हीकडे निम्म्याहून जास्त असतील तर हे टळत नाही. माझं एका गुणावर अडलंय म्हणून लिहीत नाही. चूक आहे म्हणून लिहिते.'

बटणं म्हणे! परीक्षा आहे की भातुकली? मी शेऱ्यात लिहिलं, 'बहुतेक म्हणजे सर्व नव्हे. सर्व नव्हे, त्याला तर्कात काही धरतात. काही आणि काही यांवरून निष्कर्ष निघत नाही. हरकत फेटाळावी.' एकतीस वर्षं हाच नियम लावतोय. डोळे मिटून लावतो.

उतरताना दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबावं लागलं.

१० फेब्रुवारी

मॅडमच्या खोलीत बैठक. मॅडम, मी आणि आकडेवारी बघणारा तो तिशीतला पोरगा. त्याला सगळे 'दशांश' म्हणतात, कारण त्याचा कुठलाच आकडा पूर्ण नसतो.

"सर, अडतीसला एकसष्ट पूर्णांक चार टक्के उमेदवारांनी 'नक्की खरा' लिहिलंय," तो म्हणाला. "आणि पेपरात वरच्या शंभरात आलेल्यांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांनी. हुशार पोरं एकाच प्रश्नाला इतकी कशी चुकतील?"

"बहुमताने तर्क ठरत नाही," मी म्हटलं.

"मान्य. पण पेपरच्या पहिल्या पानावर सूचना आहे, या पेपरात 'बहुतेक' म्हणजे निम्म्याहून जास्त. ती सूचना तुम्हीच लिहिलीये ना?"

मी म्हटलं, सूचना उमेदवारांसाठी असतात. हे बोलून झाल्यावर माझ्याच कानांना ते बरं वाटलं नाही. मॅडमनी सव्वीस तारखेपर्यंत वेळ दिला. त्यांचा माझ्यावर भरवसा आहे. प्रश्न काढणाऱ्याने नाही म्हटलं तर त्या हरकत मान्य करत नाहीत, आजवर एकदाही केलेली नाही.

१३ फेब्रुवारी

सूनबाईचं काय चाललंय कळत नाही. आज बघतो तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या. साखर, मीठ, सोडा. फोनशेजारी भिंतीवर यादी: डॉक्टर, गॅसवाला, इलेक्ट्रिशियन, शिंपी. पस्तिशीतच विसरायला लागली की काय?

"बाबा, आज भात तुम्ही लावा," म्हणाली.

"का? तुझ्या हाताला काय झालं?"

"काही नाही. तुम्हाला यायला हवा."

लावला. खाली करपला, वर कच्चा. ती निमूट जेवली आणि म्हणाली, "पहिल्या वेळेच्या मानाने चांगला झालाय, परवा परत लावू." या वयात मला शिकाऊ उमेदवार केलंय. मी कुरकुर केली, पण खरं सांगायचं तर मजा आली. घरात हसू फुटलं की दोघंही जरा दचकतो.

१६ फेब्रुवारी

प्रश्न अडतीस मी तेव्हा शिंप्यावर चालवला होता का ते बघायला जुनी टिपणवही काढली. चालवला होता. त्याचं उत्तर 'नक्की खरा'. पुढे मी फुली मारून लिहिलंय, 'नेहमीप्रमाणे.'

आज त्याच्याकडे गेलो. तो कुणाच्या तरी बाहीला टीप घालत होता. म्हटलं, तो चष्म्याचा आणि जिन्याचा प्रश्न आठवतो?

"आठवतो की. त्यात काय सर, निघणारच! गर्दी इतकी झाली की धक्का लागतोच."

"धक्का लागतो हा काही तर्क नव्हे."

"नसेल. पण लागतो तर लागतो." मग दातांनी दोरा तोडला आणि म्हणाला, "ताईंचे दोन ड्रेस तयार आहेत, वर घेऊन जाता का? ऑफिसात घालण्याजोगे हवेत म्हणाल्या, म्हणून रंग जरा गंभीर घेतलेत."

औषधांच्या दुकानाला ती ऑफिस म्हणायला लागली वाटतं. ड्रेस वर आणले आणि तिच्या खोलीच्या दाराला अडकवून ठेवले. ती आली, बघितले आणि मला विचारलं, "शिंपीदादा काही म्हणाले का?" मी म्हटलं, "धक्का लागतोच म्हणाले." तिचा चेहरा एकदम उतरला. मी प्रश्नाबद्दल सांगितलं तेव्हा कुठे खाली बसली.

मात्र प्रश्न ऐकून एक शब्द बोलली नाही. एरवी लगेच बटणं काढली असती.

१९ फेब्रुवारी

पाय सुजलेत. तरी गेलो, कारण मॅडमनी बोलावलं. दशांशने तक्ता मांडला होता. हरकत मान्य केली तर 'नक्की खरा' लिहिणाऱ्या सगळ्यांना एक गुण वाढेल. निवडीची रेघ सत्तर गुणांवर आहे. अकरा उमेदवार खालून वर येतील. हरकत घेणारी त्या अकरांतली एक. तिला एकोणसत्तर आहेत.

"म्हणजे शेवटी स्वतःच्या फायद्यासाठीच लिहिलंय," मी म्हटलं.

"सर, फायदा असला म्हणून विधान खोटं ठरतं का?" दशांशने विचारलं. हे वाक्य पोरांना मी शिकवायचो. कपाळावर आठी घालून बसलो, दुसरं काय करणार?

मॅडम म्हणाल्या, "पाणीपुरवठ्याची पदं आहेत, सर. निवड झालेल्यांना पहिली तीन वर्षं धरणावरच्या केंद्रात काढावी लागतात. चौदा तासांचा प्रवास, रजा कमी. तरी लोक धडपडतात. चूक असेल तर चूक म्हणा, मला काही वाटणार नाही."

मला वाटणार आहे, हे त्यांना कसं सांगू? माझ्याकडे आता दुसरं राहिलंय काय? मुलगा नाही, त्याची आई त्याच्याही आधी गेली, शाळा सुटली, गुडघे गेले. माझं उत्तर चुकत नाही, एवढी एकच गोष्ट माझ्या नावावर उरली आहे.

२१ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

सूनबाई दुकानात होती. ठरवलं, बटणांचा तो पोरखेळ एकदाचा खोटा पाडून दाखवायचा, म्हणजे सव्वीस तारखेला तोंड वर करून बोलता येईल. शिवणाचा डबा काढला. टेबलावर दहा काळी बटणं ठेवायची, सहांना खूण करायची, आणि जिन्याने चढणारे असे निवडायचे की त्यांत एकही चष्मेवाला येणार नाही. एक मांडणी सापडली तरी पुरे. उत्तर 'सांगता येत नाही' असायला तेवढंच लागतं.

सापडली नाही. दहा झाली, वीस करून बघितली, अकरा आणि अकरा. मग पंधरा करून आठ आणि आठ. दर वेळी एखादं तरी बटण माझ्या बोटांत उरायचं आणि त्याला चष्मेवाल्यांतच टाकावं लागायचं. तासभर बसलो. मान आखडली. बटणं बरोबर होती, चुकलो होतो मी. 'बहुतेक' हा शब्द दिसला की हात आपोआप 'काही' लिहून मोकळा होतो. निम्म्याहून जास्त अशी सूचना स्वतःच लिहिली, पण स्वतःच वाचली नाही. नवशिक्याला ही चूक करता आली नसती. त्याला माणसं मोजावी लागली असती.

आणखी एक. मी डब्यातून बटणं काढली तेव्हा खडू अजून शोधतच होतो. पण त्यांतल्या सहा बटणांवर खडूची खूण आधीच होती.

खूण पुसट झालेली, पण दिसत होती. मी ती सहा बटणं बाजूला ठेवली. मग परत डब्यात टाकली. झाकण लावलं आणि डबा होता तिथे ठेवला.

याच्यापुढे आज लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी

भात चांगला झाला. सूनबाई म्हणाली, "आता काळजी नाही." घास तोंडात तसाच राहिला माझ्या.

२४ फेब्रुवारी

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मनात येतं ते जसंच्या तसं लिहितो, ही वही कोण वाचणार आहे?

प्रश्न काढणाऱ्याने दर परीक्षेआधी एक कागद सही करून द्यायचा असतो: माझ्या माहितीप्रमाणे माझ्या नात्यातलं किंवा घरातलं कुणीही या परीक्षेला बसलेलं नाही. डिसेंबरात मी सही केली, तेव्हा ती शंभर टक्के खरी होती. खाली बारीक अक्षरांत आहे, माहिती बदलल्यास त्वरित कळवावे. तसा उमेदवार मग बाद होतो. पेपर कुणी दाखवला, कुणी नाही, याची चौकशी होत नाही. सरळ बाद.

माझी माहिती बदलली आहे का? डब्यांवरच्या चिठ्ठ्या, गंभीर रंगाचे ड्रेस, करपलेला भात, सहा बटणं. उमेदवार असतो तर मी काय उत्तर लिहिलं असतं? कुणी मला काही सांगितलेलं नाही. मी कुणाला काही विचारलेलं नाही. विचारणारही नाही. विचारलं तर ती खोटं बोलणार नाही.

आज बसमध्ये बसून कार्यालयात गेलो. खिशात माहिती बदलल्याचं लिहिलेला कागद होता. ठरवलं होतं, मॅडमना सांगून मोकळं व्हायचं, एकतीस वर्षांचा प्रामाणिकपणा आहे, त्याला बट्टा नको. चार मजले चढत आलो. शेवटच्या वळणावर कठडा धरून उभा राहिलो आणि लक्षात आलं, पायांत भलताच जोर आलाय. खूप दिवसांत इतका हलका चढलो नव्हतो. का? तर हा कागद दिला की ती बाद होणार. बाद झाली की ती कुठेही जाणार नाही. दुपारी किल्ली फिरणार. वर मला कुणी नावही ठेवणार नाही, उलट म्हणतील, केवढा सचोटीचा माणूस!

हरकत फेटाळली तरी ती घरात राहते. खरं सांगितलं तरी ती घरात राहते. दोन्हीकडून माझंच भलं होतं, आणि दोन्ही वेळा मला चांगलं म्हणवून घेता येतं. मला ती जायला नकोय. हे मी आज पहिल्यांदा लिहिलं. मुलाच्या नावावर, तिच्या काळजीच्या नावावर, लोक काय म्हणतील याच्या नावावर बरंच काही बोललो असेन, पण खरं एवढंच. मला एकट्याला या घरात जेवायची भीती वाटते.

वरती गेलो नाही. उतरलो. उतरायला फार वेळ लागला.

२६ फेब्रुवारी

बैठक दहा मिनिटांत संपली.

मी म्हटलं, "अडतीसचं उत्तर चूक आहे. 'नक्की खरा' हवं. चूक माझी, छपाईची नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सर, नक्की ना? तुम्ही म्हणत असाल तर आपण तो प्रश्नच रद्द करू. सगळ्यांना गुण. तुमचं नावही यायचं नाही."

"रद्द कशाला? प्रश्न बरोबर आहे. मी चुकलो." दशांशने माझ्यासाठी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पोरगा वाईट नाही.

मग मी दुसरं सांगितलं. पुढच्या परीक्षेपासून माझं नाव यादीतून काढा. मॅडमना वाटलं, चुकीचं मनाला लावून घेतलं. त्यांनी समजूत घातली, एका चुकीने काय होतंय, एकतीस वर्षांत एक. मी मान हलवत राहिलो. तो माहितीचा कागद पुन्हा सही करायची माझी लायकी राहिलेली नाही, हे त्यांना कसं सांगणार? गप्प बसलो हे बरोबर केलं का चूक, ते मला माहीत नाही. उत्तर दुरुस्त झालं ते मात्र सगळ्यांसाठी झालं, तिच्या एकटीसाठी नाही. याच गोष्टीला धरून राहतोय.

घरी येऊन भात लावला. तिला यायला उशीर होता.

२ मार्च

रक्तदाब वाढलाय. डॉक्टर म्हणाले, कशाची चिंता करता? मी म्हटलं, सवय आहे.

११ मार्च

दुपारी किल्ली फिरली. आज ती चपला काढायलाही विसरली. तशीच टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात लांबट पाकीट.

"बाबा, मला नोकरी लागली."

"कुठे?"

"पाणीपुरवठ्यात. धरणावर." मग एका दमात बोलत सुटली. परीक्षेचं सांगितलं नाही कारण नापास झाले असते तर उगीच तुम्हाला त्रास. पेपर तुमचा आहे हे माहीतच नव्हतं, हॉलमध्ये अडतिसावा प्रश्न वाचला आणि लगेच ओळखला. "तुमच्या प्रश्नांतली माणसं कायम जिन्यानेच चढतात हो. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात लिफ्ट इतकी बंद नसते." ती हसली, पण डोळे भरलेले. "त्यानंतर सांगणं शक्यच नव्हतं. तुम्हाला कळवावं लागलं असतं. दोनदा तोंडाशी आलं, दोनदा गिळलं."

"बरं केलंस."

ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

मी पाणी प्यायलो. म्हटलं, "बटणं वापरून झाली की पुसून ठेवत जा."

ती खुर्चीत बसली. मग ती म्हणाली, "मी नाही जात."

"वेडी आहेस का?"

"तुम्ही एकदा म्हणा. सूनबाई, जाऊ नकोस, एवढंच म्हणा. मी हे पत्र फाडून टाकते आणि पुन्हा विषय काढणार नाही. मनापासून सांगते. तुम्ही रोज काय खाल, औषधं घ्याल की नाही, गुडघे दुखले तर कोणाला हाक माराल, मला तिथे झोप लागायची नाही."

ती खरंच फाडणार होती. मी तिला ओळखतो. चार वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते वाक्य ती माझ्या हातात देत होती आणि मला फक्त दोन शब्द बोलायचे होते.

"मला तू इथे हवी आहेस," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. आवाज चमत्कारिक आला.

"मग झालं," ती म्हणाली आणि पत्राची घडी घालायला लागली.

"झालं नाही. मला तू हवी आहेस हे खरं. पण त्यावरून तू राहावंस असं निघत नाही."

ती रडली. मुलगा गेला तेव्हाही माझ्यासमोर रडली नव्हती. मीही रडलो, लिहायला लाज कसली? मग तिच्या हातातून पत्र घेतलं, घडी उलगडली आणि रुजू व्हायची तारीख तिला मोठ्याने वाचून दाखवली.